ऑपरेशन जानेवारीत, टॅटू डिसेंबरात: मधे किती दिवस हवेत?

अमळनेरकडच्या एका 26 वर्षांच्या भाऊंनी विचारलंय. उजव्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ठरलंय, जाळी बसवायची आहे. त्याआधी दत्तजयंतीला मित्रांबरोबर सारंगखेड्याच्या यात्रेला जायचंय आणि तिथेच उजव्या हातावर आईचं नाव गोंदवून घ्यायचंय. चालेल का? जोडीला बहिणीचेही दोन प्रश्न आहेत. सात महिन्यांपूर्वी तिचं सिझेरियन झालं, त्या टाक्यांच्या व्रणावर तिला वेलीचा टॅटू हवाय. आणि कंबरेवर तिचा कॉलेजच्या काळातला एक टॅटू आहे, त्यामुळे पुढच्या वेळी पाठीत भूल देता येणार नाही असं तिला कुणीतरी सांगितलंय.

भाऊ, आधी तुमचं उत्तर देतो. यात्रेत नको. जाळी बसायची आहे, म्हणून ऑपरेशनच्या आधीच्या तीन महिन्यांत तर कुठेच नको, अगदी चकाचक स्टुडिओतही नको. हात जांघेपासून लांब आहे, मग काय फरक पडतो, असं तुम्हाला वाटत असेल. फरक पडतो, आणि तो तुमच्या जाळीमुळे पडतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो. जळगाव जिल्ह्यात 25 वर्षं सर्जरी करतोय, आणि टॅटूमुळे ऑपरेशन पुढे ढकलावं लागलेले पेशंट हल्ली दरवर्षी बघतो.

टॅटू म्हणजे जखम आहे, इथून सुरुवात करा. सुई कातडीच्या वरच्या थरातून खालच्या थरात, साधारण दीड-दोन मिलिमीटर, जाते आणि एका अक्षरासाठी शेकडो वेळा जाते. वरचा थर सतत झडत असतो, खालचा झडत नाही, म्हणून शाई टिकते. त्या खालच्या थरात रक्तवाहिन्या आहेत. सुईबरोबर कातडीवरचे जंतू आत गेले तर ते रक्तात उतरू शकतात. धडधाकट माणसाचं शरीर त्यातले बहुतेक तिथल्या तिथे निपटतं. वरची खपली दोन-तीन आठवड्यांत पडते, पण आतली जखम भरायला दोन-तीन महिने लागतात. वरून चकचकीत दिसणारा वीस दिवसांचा टॅटू आतून अजून भरत असतो.

आता जाळी. हर्नियात पोटाच्या भिंतीला पडलेल्या फटीवर आधाराला लावायची ही जाळी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची असते. शरीराच्या दृष्टीने ती परकी वस्तू, तिला स्वतःचा रक्तपुरवठा नाही. तिच्यावर जंतू बसले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, आणि त्या थराच्या आत ना पांढऱ्या पेशी नीट पोचतात ना औषध. मग महिनोन्‌महिने पू वाहत राहतो आणि शेवटी जाळी काढावी लागते. काढायचं ऑपरेशन बसवायच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी अवघड असतं, कारण तोवर ती मांसात रुतलेली असते. हातावरचा टॅटू पिकला, त्यातून जंतू रक्तात गेले, आणि त्याच आठवड्यात आम्ही जांघेत नवी जाळी ठेवली, असं होऊ द्यायचं नाही. असं रोज घडतं असं मी म्हणत नाही. पण ज्याला घडतं त्याचं एक वर्ष जातं. म्हणून शरीरावर कुठेही पिकलेलं काही दिसलं, गळू असो, सडलेला दात असो, चिखल्या असोत किंवा पिकलेला टॅटू, तर घाई नसलेलं ऑपरेशन आम्ही पुढे ढकलतो.

एक पेशंट सांगतो. पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलेली मुलगी, एकविसाव्या-बाविसाव्या वर्षातली. भूल द्यायच्या आधी सिस्टर पोट स्वच्छ करायला गेल्या तर उजव्या बरगडीखाली रुमालाची घडी चिकटपट्टीने लावलेली. काढली तर खाली मोरपीस, नऊ दिवसांपूर्वीचं. पिसाच्या डोळ्यात जिथे निळा रंग गच्च भरला होता तिथली खपली ओली होती, कडेला दोन पिवळे ठिपके, आणि हाताचा मागचा भाग टेकवला तर ती जागा आजूबाजूच्या पोटापेक्षा गरम लागत होती. वर हळद आणि खोबरेल तेल चोपडलेलं. आमचं एक छिद्र तिथून दोन बोटांवर येणार होतं. मी टेबलवरून तिला परत पाठवलं. आईने कापूस वेचणीचे चार दिवस मोडून तिला आणलं होतं. बाहेर येऊन त्या माउलीला हे सांगताना मला फार वाईट वाटलं, कारण चूक एकट्या मुलीची नव्हती. तपासणीच्या दिवशी आम्ही तिला शुगर विचारली, दमा विचारला, औषधांची ॲलर्जी विचारली, पण टॅटूचं कुणीच विचारलं नव्हतं. पाच आठवड्यांनी तिचं ऑपरेशन नीट झालं. तेव्हापासून आमच्या कागदावर ‘गेल्या तीन महिन्यांत टॅटू, गोंदण किंवा टोचणं केलंय का’ अशी ओळ आहे.

यात्रेतल्या गोंदणाबद्दल वेगळं लिहायला हवं. हौसेला माझा विरोध नाही. आमच्याकडे आजीच्या हातावर गोंदण नाही असं घर सापडायचं नाही. पण यात्रेत मी अर्धा तास उभा राहून बघितलंय. बॅटरीवर चालणारं मशीन, एकच सुई, एकाचं झालं की ती पाण्याच्या पेल्यात बुचकळायची, फडक्याला पुसायची आणि पुढच्याच्या हाताला लावायची. फडकंही तेच, रक्त टिपायलाही तेच. शाईची वाटी सगळ्यांना एकच. अर्ध्या तासात सहा पोरं झाली. पहिल्याच्या रक्तात जे असेल ते त्या वाटीतून सहाव्यापर्यंत जाणार. हेपेटायटिस बी, म्हणजे एका प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. पेल्यातल्या पाण्याने तो मरत नाही.

आणि त्या पाण्याचंच बघा. नळाच्या, टाकीच्या पाण्यात क्षयाच्या जंतूंचे काही चुलतभाऊ राहतात. त्यांच्याने क्षय होत नाही, पण कातडीखाली गेले तर फार चिवट संसर्ग होतो. 2011 च्या अखेरीस अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात टॅटू काढलेल्या 19 जणांच्या टॅटूवर पुरळ आणि गाठी आल्या. शोध घेतला तर करड्या छटेसाठी कंपनीतूनच पातळ करून आलेल्या शाईत हे जंतू होते. तिथे स्टुडिओ स्वच्छ असूनही हे झालं. आमच्याकडे तर काळी शाई पातळ करायला हंड्यातलं पाणी घेतात.

हेच जंतू आम्हा सर्जन लोकांना दुसरीकडून माहीत आहेत. दुर्बिणीची हत्यारं नीट निर्जंतुक केली नाहीत तर छिद्राच्या जागी हाच संसर्ग होतो. जखम आधी मस्त भरते, पेशंट खूश असतो, आणि तीन-चार आठवड्यांनी तिथे हरभऱ्याएवढी गाठ येते, पाण्यासारखा पू येतो. नेहमीची अँटिबायोटिक्स पाच दिवस, दहा दिवस दिली तरी ढिम्म हलत नाही. उपचार महिनोन्‌महिने चालतो. आता विचार करा, डिसेंबरात टॅटू, जानेवारीत ऑपरेशन आणि फेब्रुवारीत दोन्हीकडे गाठी. कुठलं कुठून आलं हे शोधायचं कसं? उशिरा उगवणारे जंतू असल्यामुळेच मी दोन-तीन आठवड्यांचं अंतर पुरेसं मानत नाही. टॅटू आणि ऑपरेशन यांच्यात निदान सहा आठवडे, आणि जाळी, सांधा किंवा स्तनाचं इम्प्लांट असं काही आत ठेवायचं असेल तर तीन महिने, हा मी पाळत आलेला हिशेब आहे. तुमच्या सर्जनने याहून जास्त सांगितलं तर त्यांचं ऐका, त्यांनी तुम्हाला तपासलंय.

रक्ताच्या तपासण्यांचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ऑपरेशनआधी आम्ही एचआयव्ही, हेपेटायटिस बी आणि सी बघतो. रिपोर्ट निगेटिव्ह आला की पेशंट म्हणतो, बघा साहेब, टॅटूने काही झालं नाही. पण तीन आठवड्यांपूर्वीच्या सुईतून काही आलं असेल तर ते त्या रिपोर्टात दिसेलच असं नाही. हेपेटायटिस सी च्या अँटिबॉडी (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ते पदार्थ) रक्तात दिसायला साधारण दोन ते अडीच महिने लागतात. हेपेटायटिस बी ची लक्षणं दीड ते सहा महिन्यांनी येतात. काविळीची सुरुवात आणि भुलेची औषधं एकाच वेळी यकृतावर पडू नयेत, हाही अंतर ठेवण्यामागचा एक हेतू आहे. हेपेटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर टॅटूच्या आधी घ्या. तीन डोस असतात: आज, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. सी ला लस नाही.

याच रांगेतली दुसरी गोष्ट. टॅटू काढल्यापासून 12 महिने रक्तदान करता येत नाही, आपल्याकडच्या रक्तपेढ्यांचा तसा नियम आहे. तुमच्या हर्नियाला रक्त लागायची शक्यता जवळजवळ नाही. पण घरात कुणाचं मोठं ऑपरेशन असेल, बाळंतपण जवळ आलं असेल, आणि घरातले चारही तरणे भाऊ यात्रेतून एकसारखं गोंदवून आले असतील, तर रक्तपेढीच्या दारातून चौघंही परत येतात. रात्री दोन वाजता गावाकडे फोन लावत फिरणारे नातेवाईक मी पाहिलेत. यात्रेला निघायच्या आधी घरात एवढं एक बघून घ्या.

टॅटू आधीच झाला असेल तर? लपवू नका. आमच्याकडे सर्रास असं होतं, पोराने बापापासून लपवलेला असतो आणि बाप तपासणीच्या खोलीत शेजारीच उभा असतो. विचारलं की खाली मान घालून, “हाई ते जुनं शे, दादा.” खपली तर ओली दिसत असते. बापाला बाहेर पाठवायला सांगा, आम्ही पाठवतो. टॅटू कधीचा, कुठे काढला, सुई नवी होती का, एवढं खरं कळलं की आम्ही छिद्राची जागा दोन बोटं सरकवू शकतो, तारीख बदलू शकतो किंवा काही न बदलता निश्चिंतपणे पुढे जाऊ शकतो. अपेंडिक्स फुटलं, आतडं अडकलं, सिझेरियन तातडीचं निघालं, तर टॅटू कालचा असला तरी ऑपरेशन होणारच. तिथे आम्ही ती जागा झाकतो, चीर लांबून घेतो आणि नंतर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. तुमचा हर्निया साधा आहे, दाबला की आत जातो, असं तुम्ही लिहिलंय. तो कधी कडक होऊन आत जाईनासा झाला, दुखायला लागला, उलट्या झाल्या, तर मात्र टॅटूचा विचार न करता त्याच तासाला दवाखाना गाठा.

तुमच्या टॅटूची जागा मनगटाच्या वर आहे. सलाइनची सुई नेमकी तिथेच लागते. जुना, बरा झालेला टॅटू असेल तर त्यातूनही सुई घालता येते, पण ताज्यात कुणी घालणार नाही. दुसऱ्या हाताला शीर सापडते, पण कधी नाही सापडत, आणि तेव्हा ओली खपली आमच्या वाटेत नको असते. लग्नसराईत अशीच अडचण मेंदीने होते. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा लाल प्रकाशावर चालतो, आणि बोटांच्या टोकांना गच्च काळी मेंदी असेल तर तो चुकीचा आकडा दाखवू शकतो. ऑपरेशन ठरलं असेल तर निदान दोन बोटांची टोकं मोकळी ठेवा.

जुन्या गोंदणाला कुणी घाबरू नये, पण ते सर्जनला दाखवावं. त्याचं एक कारण मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. यावल बाजूच्या एका आजींच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करत होतो. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट गोंदण, पाचव्या-सहाव्या वर्षी आईने मांडीवर बसवून करवून घेतलेलं. काखेतल्या गाठी काढायला गेलो तर पहिलीच गाठ काळीभोर निघाली, चुलीतल्या विझलेल्या कोळशासारखी. कॅन्सरची गाठ अशी नसते. शाईचे कण पांढऱ्या पेशी उचलतात आणि त्यातले काही हाताच्या रसवाहिन्यांतून (कातडीखालचं पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्या) काखेत येऊन बसतात, आयुष्यभर. साठ वर्षांपूर्वीची काजळी तिथे येऊन थांबली होती. तपासणीत त्या गाठीत फक्त रंग निघाला. पण ज्याला गोंदण माहीत नाही तो अशी काळी किंवा स्कॅनवर उठून दिसणारी गाठ बघून आजार पसरल्याचा संशय घेऊ शकतो, विशेषतः कातडीच्या काळ्या कॅन्सरमध्ये. म्हणून काखेतली, जांघेतली गाठ दाखवायला जाल तेव्हा बाही वर करून हातावरचं गोंदणही दाखवा. ज्यांच्या काखेतल्या गाठी काढल्यात त्यांनी त्या बाजूच्या हातावर नवीन टॅटू काढू नये. त्या हातातला रस नीट निघत नाही, छोटा संसर्गही हात सुजवून टाकतो.

एमआरआयची भीती मात्र मनातून काढा. शाईत लोहाचे कण असतील तर क्वचित चुरचुर होते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टॅटू असलेल्या 330 जणांचा एमआरआय केला, त्यात टॅटूमुळे त्रास झालेला माणूस एकच निघाला, तोही किरकोळ. मशीनमध्ये जाण्याआधी सांगा आणि गरम वाटलं तर हातातला रबरी बटणफुगा दाबा.

ऑपरेशननंतर कधी? टाके दहा-बारा दिवसांत निघतात, पण जखमेला मूळच्या ताकदीच्या साधारण ऐंशी टक्के ताकद यायला तीन महिने लागतात, आणि त्याच काळात जाळीत पेशी भरत असतात. तुमचं ऑपरेशन जानेवारीत झालं तर एप्रिलच्या आत विचार करू नका. आणि एप्रिल-मे मध्येही करू नका असं मी म्हणेन, कारण जळगाव-भुसावळचा पारा 45 ला टेकतो तेव्हा घामाने टॅटूची खपली ओलीच राहते, त्यात उन्हात शेतात जायचं, केळीच्या बागेत चिकाचे हात लागायचे. पाऊस पडून हवा निवली की किंवा सरळ पुढच्या दिवाळीनंतर काढा. गुडघा बदलला असेल तर मी निदान सहा महिने थांबायला सांगतो. हृदयाची झडप बदललेल्यांनी टॅटू काढूच नये, तिथे जंतू बसले तर जिवावर बेततं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर टॅटूसाठी त्या स्वतःहून बंद करू नका, टॅटू राहू द्या. शुगर जास्त असेल तर आधी शुगर.

स्टुडिओत गेलात की सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. शाई बाटलीतून नव्या छोट्या टोपणात ओतलेली हवी, उरलेली परत बाटलीत नाही. पातळ करायला सलाइनचं किंवा निर्जंतुक पाणी हवं, जारचं नव्हे. नवे हातमोजे, आणि वापरलेली सुई टाकायला जाड डबा. मागायला लाजू नका, चांगला कारागीर स्वतःहून दाखवतो. घरी आल्यावर साबण-पाण्याने हलकं धुवा आणि कोरडं टिपून व्हॅसलिनचा पातळ हात द्या. हळद, टूथपेस्ट, राख काही नको. तापीत किंवा विहिरीत पोहायला खपली पूर्ण जाईपर्यंत नको. लाली पसरत गेली, ठणका तिसऱ्या दिवसानंतर वाढला, ताप आला किंवा महिन्याने गाठी आल्या, तर डॉक्टरला दाखवा.

आता ताईंचं. कंबरेवरचा टॅटू जुना आणि बरा झालेला आहे, त्यामुळे पाठीत भूल देता येते. सुईबरोबर शाईचा कण आत जाईल ही भीती मुख्यतः कागदावरची आहे, तरी भूलतज्ज्ञ काळजी म्हणून नक्षीतली शाई नसलेली जागा शोधतात किंवा एक मणका वर-खाली सरकतात. बहुतेक नक्षीत बोटाएवढी कोरी जागा निघतेच. पुढच्या बाळंतपणात आठव्या महिन्याच्या तपासणीला ताईंनी तो भूलतज्ज्ञांना आधीच दाखवून ठेवावा, म्हणजे रात्री घाईत चर्चा नको.

व्रणावरच्या वेलीसाठी सात महिने कमी आहेत. व्रण वर्षभर बदलत असतो, आधी लाल-गुलाबी, मग हळूहळू पांढुरका आणि मऊ. लाल असताना शाई भरली तर ती धरत नाही किंवा पसरते, आणि व्रण चिडून जाड होऊ शकतो. ताईंनी डाव्या दंडावरची बीसीजीची खूण आणि कान टोचलेली जागा आरशात बघावी. तिथे कातडी फुगून, चकचकीत, खाजणारी गाठ झाली असेल तर त्यांच्या कातडीला जाड व्रण करायची सवय आहे, आणि मग पोटावरच्या व्रणाला सुई लावू नये. खूण सपाट असेल, व्रण पांढरा आणि मऊ झाला असेल, तर वर्षानंतर हरकत नाही. फक्त दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर तोवर थांबावं. दुसरं सिझेरियन झालं तर चीर बहुतेक त्याच रेषेवर येते, आणि वेल मधोमध कापली जाते. टाके घालताना पानाला पान जुळवायचा प्रयत्न आम्ही करतो, पण नऊ महिने ताणलेल्या पोटावर ते दर वेळी जुळत नाही.